स्टँडवरचा कॅमेरा

४ जानेवारी

खारू,

तुझं पदवीचं प्रमाणपत्र इथल्या पत्त्यावर आलं. सोबत पाठवते आहे. पाकीट मी फोडलं, कारण वर पालक म्हणून माझं नाव होतं. आत तुझं आहे हे नंतर कळलं. मावशीने तुझा पत्ता दिला नाही. "पत्र माझ्याकडे दे, मी पोचतं करते," एवढंच म्हणाली. मी आग्रह धरला नाही. ती माझी सख्खी धाकटी बहीण असली तरी या बाबतीत तुझ्या बाजूची आहे, हे मला चार वर्षांपूर्वीच कळलंय.

नुसतं प्रमाणपत्र पाठवणं बरं दिसेना म्हणून चार ओळी लिहिते.

माझं काम तेच, मुलांसाठी वेबसाइट करायच्या. सध्या मुलांच्या एका मोठ्या हॉस्पिटलची करते आहे. ऑपरेशनला येणाऱ्या मुलांना आधी घरी बसून सगळं बघता यावं, कुठे जायचं, कोण भेटणार, काय काय करणार, असं हॉस्पिटलवाल्यांच्या मनात आहे. दर शनिवारी दहा ते बारा सहा मुलं येतात. सात ते अकरा वर्षांची, सगळी त्या हॉस्पिटलात राहून गेलेली. आम्हाला तळमजल्यावरची खोली दिली आहे. पूर्वी तिथे जादा खाटा ठेवत असत. भिंतीवर खाटांच्या दांड्यांचे ओरखडे सगळे एका उंचीवर आहेत. मुलांनी त्या रेघेवर रंगीत कागद चिकटवायला सुरुवात केली, ती मी थांबवली नाही.

पहिल्या शनिवारी मी त्यांच्यापुढे पहिलं पान ठेवलं. डॉक्टरचा कोट घातलेलं अस्वल, हात हलवतंय, खाली बटण: "चला सफरीला!" मला ते बरं जमलंय असं वाटत होतं. एक मुलगी बराच वेळ बघत राहिली.

"हे अस्वल का हसतंय?"

"तुमचं स्वागत करतंय."

"त्याचं ऑपरेशन नाहीये म्हणून हसतंय."

दुसरा लगेच म्हणाला, "आणि सफर कुठली? आम्ही सफरीला नाही जात, दवाखान्यात जातो."

अस्वल गेलं. त्यावर आमच्या चित्रकाराने तीन आठवडे घालवले होते. तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

ही मुलगी दहा वर्षांची आहे. पायाची तीन ऑपरेशनं झालीत, थोडी एका बाजूला झुकून चालते. खोलीत आली की कुणी कुठे बसायचं ते तीच ठरवते. मी तिला मनात मुकादम म्हणायला लागले आणि एकदा चुकून तोंडाने म्हटलं. तिला ते आवडलं. आता सगळेच म्हणतात.

प्रत्येक पान झालं की मी मुलांना पाच चेहऱ्यांची पट्टी देते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आवडलं तेवढ्यावर खूण करा म्हणून. सगळ्यांनी सगळ्या पानांना सगळ्यात हसरा चेहरा दिला. असं का, विचारलं, तर मुकादम म्हणाली, "तुम्ही समोर बसलाय ना काकू. वाईट कसं देणार?"

वीस वर्षं हे काम करते आहे. हे मला कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

प्रमाणपत्र मिळालं की मावशीला कळव. मला कळवायला हवंच असं नाही.

आई


२५ जानेवारी

खारू,

प्रमाणपत्र पोचलं, असं मावशी म्हणाली. तू पत्र वाचलंस का, हे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.

हॉस्पिटलच्या कामाचंच लिहिते. दुसरं काही लिहायला घेतलं की दोन ओळींत हात थांबतो.

मुलं साइट वापरत असताना आम्ही चित्रण करतो. कॅमेरा स्टँडवर, थोडा बाजूला. मूल कुठे अडलं, बोट कुठे फिरलं, कधी कंटाळलं हे नंतर बघावं लागतं. समोर बघून अर्धं कळतच नाही. त्यासाठी आईवडलांची सही घेतो. परवा त्या सह्या गोळा करत होते, तर मुकादमने फॉर्म माझ्या हातातून घेऊन वाचला. पूर्ण वाचला, पाठची बाजूसुद्धा.

"सही बाबांची का?"

"तू लहान आहेस म्हणून."

"पण बघणार तर मला आहात."

मी म्हटलं, बरोबर आहे, तुझीही घेऊ. खाली एक रेघ मारली. तिने सही केली नाही. पेन हातात धरून विचारलं, "आणि मला मध्येच नको झालं तर?"

"तर पुसून टाकू."

"मोठी झाल्यावर नको वाटलं तर?"

"तरीही पुसू."

"नक्की?"

"नक्की."

"मग मी विचार करून सांगते," म्हणाली आणि फॉर्म घडी घालून दप्तरात ठेवला. तोपर्यंत चित्रण करायला तिची हरकत नव्हती. पण सही नाही म्हणजे नाही.

मी हे सगळं न अडखळता बोलले. बसमध्ये बसल्यावर मात्र लक्षात आलं, की हाच प्रश्न मला एकदा विचारून झाला आहे. तू पंधरा वर्षांची होतीस. मी एका व्याख्यानाची तयारी करत होते आणि तू दारात उभी राहून म्हणालीस, "ती माझी क्लिप आता काढ ना त्यातून." मी मान वर न करता म्हटलं, "अगं, त्यात तुझा चेहरा तरी कुठे नीट दिसतो?" तू दारातून निघून गेलीस. मी तो विषय संपला असं धरलं.

क्लिपबद्दल तुला नव्याने सांगायची गरज नाही. तरी, मावशी हे पत्र वाचणार असेल तर तिच्यासाठी लिहिते. नऊ वर्षांची मुलगी गृहपाठाची साइट वापरते आहे. तिला पुढे जायचं बटण सापडत नाही आणि ती रडू लागते. पन्नास सेकंद. त्यावर मी म्हणायचे, "मूल रडलं तर चूक पानाची." लोक वह्यांत लिहून घ्यायचे. अकरा वर्षं मी ती दाखवली. मग तुझ्या कॉलेजात, तुझ्याच वर्गात, एका प्राध्यापकांनी ती दाखवली, आणि मागच्या बाकावरच्या, शाळेपासून तुझ्यासोबत असलेल्या कुणीतरी तुझा आवाज ओळखला.

त्यानंतर आपलं जे भांडण झालं, त्यात तू एक गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, "तू कॅमेरा जवळ आणलास." मी तेव्हाही सांगितलं होतं, कॅमेरा स्टँडवर होता. स्टँडवरचा कॅमेरा जवळ कसा येईल? लहान मुलांच्या आठवणीत अशी भर पडते. माझ्या कामात हे रोज दिसतं.

एवढं स्पष्ट असावं म्हणून लिहिलं.

आई


१७ फेब्रुवारी

खारू,

दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी एक गोष्ट झाली. झाली तशी लिहिते.

"ऑपरेशनचा दिवस" हे पान तयार झालं होतं. मजकूर मी आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मिळून लिहिला होता. शेवटची ओळ अशी: "तुला गाढ झोप लागेल. जाग येईल तेव्हा सगळं झालेलं असेल आणि आई-बाबा शेजारी असतील." मुकादम वाचत होती. ओळीखालून बोट फिरवत वाचते ती. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"हे खोटं आहे."

"कुठलं?"

"जाग आली तेव्हा कोणी नव्हतं. एक काका होते, ते कागदावर लिहीत होते. मी हाक मारली, तर म्हणाले, थांब हं."

"मग?"

"मग मी थांबले."

एवढं म्हणून तिची हनुवटी थरथरायला लागली. माझा हात कॅमेऱ्याकडे गेला. कशाला गेला, ते आत्ता लिहीत नाही. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "काकू, ते बंद करा."

मी बंद केला. ती रडली, चांगली पाच-सात मिनिटं. मी शेजारच्या खुर्चीत बसून राहिले. बाकीची पाच मुलं कागद कापत होती, त्यांतल्या सगळ्यात धाकट्याने आपली पाण्याची बाटली आणून तिच्यासमोर ठेवली आणि परत जाऊन कापायला बसला. रडून झाल्यावर ती म्हणाली, "आधीचं पण पुसा. तुम्ही म्हणाला होतात."

मी तिच्यासमोर पुसलं. तिला खात्री पटेना. "दाखवा. कुठे राहिलं नाही ना?" सगळी यादी उघडून दाखवली, तेव्हा मान हलवली.

हॉस्पिटलचे प्रसिद्धीवाले साहेब दाराच्या काचेतून हे बघत होते, हे मला नंतर कळलं. मुलं गेल्यावर ते आत आले.

"मॅडम, आत्ताचं ते उद्घाटनाला दाखवू. एक मिनिट पुरे. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"ते पुसलं."

"पुसलं म्हणजे?"

"पुसलं म्हणजे पुसलं."

"अहो, पण वडलांची सही आहे ना आपल्याकडे?"

"वडलांची आहे. तिची नाही."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काहीतरी भलत्याच भाषेत बोलले होते. सोमवारी निरोप आला की उद्घाटनात माझं भाषण ठेवलेलं नाही, वेळ कमी आहे. ठीक आहे.

पान बदललं. मोठ्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा कळलं, की जाग येते त्या खोलीत पहिला अर्धा तास आईवडलांना सोडतच नाहीत. त्यांना हे माहीत होतं. मग लिहिताना का नाही सांगितलंत? "मुलं घाबरतील म्हणून." त्यांना मी पुढच्या शनिवारी खोलीत बोलावलं आणि हेच मुलांपुढे म्हणायला लावलं. मुकादम म्हणाली, "आम्ही आधीच घाबरलेलो असतो."

आता तिथे तिने सांगितलेला मजकूर आहे, शब्द न शब्द तिचा: "जाग आल्यावर लगेच आई-बाबा दिसणार नाहीत. नर्स असेल. तिचं नाव आधीच विचारून ठेव, म्हणजे हाक मारता येईल."

मी वीस वर्षांत इतकं चांगलं पान केलेलं नाही.

यात मी कुठेतरी शहाणी दिसते आहे, असं पत्र पुन्हा वाचताना वाटलं. तसं समजू नकोस.

आई


९ मार्च

खारू,

हात कशाला गेला होता ते लिहायचं राहिलं होतं. कॅमेरा बंद करायला नव्हता गेला. तिचा चेहरा चौकटीच्या कडेला जात होता, तो मधे घ्यायला गेला होता. हे मी ठरवून केलं नाही. हात आपोआप गेला. हात आपोआप जातो म्हणजे त्याला सवय आहे, हे मला त्या दिवशी बसमध्ये सुचलं आणि मग सुचायचं थांबेना.

तुझ्या चित्रणाची मूळ कॅसेट माझ्याकडे होती. ती लावायचं यंत्र घरात नाही. बाजारात लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचं दुकान आहे, त्याच्याकडे जुनी यंत्रं आहेत. परवा दुपारी तिकडे गेले. साठीचा माणूस आहे, कानाच्या वर पेन्सिल खोचलेली. म्हणाला, "प्रत काढताना पूर्ण चालवावी लागेल, बाई. बसा." मी बसले. बेचाळीस मिनिटांची निघाली. मी इतकी वर्षं त्यातले पन्नास सेकंदच बघत होते.

आपलं जेवायचं टेबल. तू निळ्या फ्रॉकमध्ये, पाय खुर्चीच्या दांडीवर. पहिला अर्धा तास मजेत आहेस. मला दोनदा "हे बावळटासारखं आहे" म्हणालीस, दोन्ही वेळा बरोबर होतीस. मग नोंदणीचं पान आलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "आता बाबांना बोलाव. ते पासवर्ड टाकतील."

ते वाक्य मी लिहिलं होतं. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते.

तू पडद्याकडे बघत राहिलीस. मग मागे वळून म्हणालीस, "बाबांना कसं बोलावू?" आणि रडू लागलीस.

व्याख्यानातल्या क्लिपमधून हे वाक्य मी कापलं होतं. कापलेलं मला पक्कं माहीत होतं, खारू, एक दिवसही विसरले नव्हते. बटण सापडत नव्हतं हे मी रचलेलं होतं. बटण तिथेच होतं. तुला सापडलंही होतं. नंतर मी ते वाक्य बदलून "घरातल्या मोठ्या माणसाला बोलाव" असं केलं, आणि हा नियम मला किती विचारपूर्वक सुचला, हेही लोकांना सांगत आले.

तू रडत असताना दुकानदाराने चित्र थांबवलं. मी त्याला काही विचारलं नव्हतं. त्याच्या धंद्यातली गोष्ट म्हणून तो सहज बोलला.

"इथे कुणीतरी कॅमेरा उचललाय."

"स्टँडवर होता तो."

"इथपर्यंत होता. हे बघा." त्याने थोडं मागे नेलं, पुन्हा चालवलं. "आता पोर लांब आहे. आता हलतंय बघा, श्वास घेतल्यासारखं. हातात घेतलाय. आणि आता चेहरा. हे माणसाने जवळ नेल्याशिवाय होत नाही, बाई."

"आवाज वाढवता का जरा?"

त्याने वाढवला. माझाच आवाज होता. "थांब. हलू नकोस. बोल ना, काय झालं ते बोल." तू बोलत नव्हतीस. तू माझ्याकडे दोन्ही हात केले होतेस. तुझे हात आले म्हणून चौकट थोडी मागे सरकली आणि पुन्हा जवळ आली.

हे चार मिनिटं दहा सेकंद चालतं. क्लिपचे पन्नास सेकंद याच्या आधीच संपतात. त्यानंतर कॅमेरा टेबलावर ठेवल्याचा आवाज, छत दिसतं, आणि मी म्हणते, "बरं, झालं आता."

दुकानदाराने विचारलं, "मुलगी तुमचीच का?" मी हो म्हटलं. त्याने पेन्सिल काढून पाकिटावर तारीख लिहिली.

कॅसेट आणि तिची प्रत दोन्ही या पाकिटात आहेत. दुकानातली प्रत मी समोर बसून पुसून घेतली. माझ्याकडे काही ठेवलेलं नाही. बघायचं की नाही ते तू ठरव.

क्लिप ज्यांना ज्यांना दिली होती त्या एकोणीस ठिकाणी कळवलं आहे, वापरू नका म्हणून. सात जणांनी काढल्याचं कळवलं. दोघे म्हणतात, कुठे कुठे गेली ते आता सांगता येणार नाही. बाकीच्यांचं उत्तर नाही. तुझ्या वर्गात दाखवणाऱ्या प्राध्यापकांनी लिहिलं, "त्याशिवाय हा मुद्दा शिकवायचा कसा?" मी त्यांना कळवलं, मी काय केलं ते सांगून शिकवा, माझं नाव घेऊन.

सगळी परत येणार नाही. तेवढं मला करता येत नाही.

आई


२ एप्रिल

खारू,

काल फोन वाजला तेव्हा मी खोलीतल्या भिंतीचे कागद काढत होते. हॉस्पिटलचं काम संपलं, खोली परत द्यायची होती. अनोळखी नंबर म्हणून उचलणार नव्हते.

तू म्हणालीस, "मी बघितलं." मग म्हणालीस, "मला वाटायला लागलं होतं, मीच बनवून सांगते." मी "माफ कर" असं काहीतरी सुरू केलं, तर म्हणालीस, "ते नको. मला ते नकोय. तू सांगत होतीस ना झालंच नाही म्हणून? आता झालं म्हणून लिहून दे. तारीख घालून. मला ते जवळ ठेवायचंय."

बाकीचं फोनवर झालं, ते पुन्हा लिहीत नाही. मे महिन्यात तू मावशीकडे येणार आहेस, हे तूच सांगितलंस. मी त्या आठवड्यात तिकडे फिरकणार नाही. बोलावलंस तर येईन. किती वाजता ते सांग, आधी येऊन बसणार नाही.

तू मागितलंस ते खाली आहे.

माझ्या मुलीचं चित्रण मी केलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी तिला विचारलं नव्हतं. ती रडली, कारण मी लिहिलेल्या पानाने तिला वारलेल्या वडलांना बोलवायला सांगितलं. बटण न सापडल्यामुळे ती रडली, हे मी लोकांना अकरा वर्षं सांगितलं, ते खोटं होतं. ती रडत असताना मी कॅमेरा स्टँडवरून उचलला आणि तिच्या चेहऱ्याजवळ नेला. तिने माझ्याकडे हात केले तेव्हा मी तिला घेतलं नाही. तिने हे सगळं मला पुढे सांगितलं, ते खरं होतं. मी नाही म्हटलं, ते खोटं होतं.

एक राहिलं. फोनच्या शेवटी तू विचारलंस, कॅमेरा उचलताना माझ्या मनात काय होतं. मी "आठवत नाही" म्हटलं आणि तू "बरं" म्हणून फोन ठेवलास.

आठवतं. पंखा चालू होता. त्याच्या घरघरीत तुझं रडणं नीट ऐकू येईल की नाही, हे माझ्या मनात होतं.

आई